नऊ किलो शिल्लक

—अहो मॅडम, तिथं नको, तिथं नका बसू, काटा आहे तो! ओटा नाही. सगळ्यांची हीच गफलत होते. मागच्या महिन्यात कुरिअरवाला टेकला, म्हटलं ऊठ बाबा, एकाहत्तर किलो दोनशे भरलास, आमच्या इमारतीच्या नावावर चढशील. हसा, हसा — पण उठा. ही घ्या खुर्ची. पंखा लावतो, जरा कुरकुरतो, पण वारा देतो. वॉचमनची खोली ही. वॉचमन परवडेना म्हणून गेला आणि मग काट्याला जागा हवी म्हणून मी मागून घेतली. हं, तर ही वही. वर्षाची आहे, तीनशे पासष्ट दिवस, एक खाडा नाही. एकशे दोन ताप होता तेव्हासुद्धा स्वेटर घालून खाली आलोय मी. शाई एकच, निळी. कुठं खाडाखोड सापडली तर दाखवा, या मिशा उतरवून देतो. आज शेवटचा दिवस. पाच वाजता वही बंद, तुमचा शिक्का, माझी सही, झालं. आत्ता किती वाजले — साडेचारला पाच कमी. पाचपर्यंत कुणी काही आणलं तर तुमच्यासमोर वजन करायचं, लिहायचं. नाही आणलं तर हाच आकडा. तीन हजार नऊशे एक्याण्णव. मर्यादा चार हजारांची. नऊ किलो शिल्लक आहेत मॅडम, नऊ! गेल्या वर्षी याच सोळा बिऱ्हाडांनी साडेआठ हजार किलो बाहेर काढला होता.

तुम्ही नुकत्याच बदलून आलात ना? आधीचे साहेब असते तर काही सांगावं लागलं नसतं, ते इथं बसून चहा पिऊन गेलेत. नाही, योजना तुमचीच आहे, मी काय सांगणार — पण कागदावरची योजना वेगळी आणि जिन्याखालची वेगळी. बघा ना, हे तीन पिंप. ओला तो मागच्या हौदात, त्याचं खत होतं. सुका तो भंगारवाला नेतो, उलट दोन पैसे देऊन जातो. आणि हे काळं पिंप — यात जे ना कुजत ना विकलं जात, ते. उरलेला कचरा. तुमची गाडी नेते तो हाच, आणि तुम्ही मोजता तो हाच. पूर्वी कितीही टाका, घरपट्टी तीच, मग कोण कशाला डोकं लावतंय? आता कसं, सगळ्या इमारतीचा मिळून चार हजारांच्या आत राहिला तर घरपट्टीत सूट आणि वर एकरकमी बक्षीस. एक किलो जरी वर गेला, की सूटही गेली आणि बक्षीसही गेलं. सगळ्यांचं सगळ्यांच्या गळ्यात बांधलंत तुम्ही, आणि तिथंच जिंकलात बघा. लोक म्हणतात माणूस खिशासाठी सुधारतो. मी म्हणतो, नाही. शेजारी बघतोय म्हणून सुधारतो.

आणि आमच्याकडे बघणारा पक्का होता. मी वजनमापं खात्यातला, एकतीस वर्षं निरीक्षक. बाजारात शिरलो की दुकानदार खोटी वजनं गल्ल्याखाली सरकवायचे. अजून ते पितळी वजन आहे माझ्याकडे, पाच किलोचं, दर सोमवारी या काट्यावर ठेवून बघतो — पाच म्हणजे पाच दिसलं पाहिजे, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. पोरं मला काटेकाका म्हणतात. म्हणू देत. काय करतो मी? प्रत्येक पिशवीला चिठ्ठी, चिठ्ठीवर खोलीचा नंबर, वजन वहीत, आणि संध्याकाळी ते या फळ्यावर. सगळ्यात कमी त्याला चांदणी, सगळ्यात जास्त त्याला लाल गोल. एवढंच. दंड नाही, शिवी नाही. पण लाल गोल लागला की दुसऱ्या दिवशी बरोबर पिशवी हलकी होऊन यायची! बिनचिठ्ठीची पिशवी? उघडायची. हातमोजे घालून उघडायची, लाज कसली? पिशवीत माणूस जितका कळतो तितका शेजारी राहून कळत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा बँकवाला बायकोला सांगतो सिगारेट सोडली — मी काही बोललो नाही हो, मी फक्त थोटकं वेगळी करायला सांगितली. बायकोदेखत सांगितली, ते चुकलं.

माफी? कुठला रकाना, हा? — निरंक. लिहा, निरंक. एकही माफी नाही, म्हणून तर बक्षिसाला पात्र. तुमच्याच नियमात आहे, कलम सात, आजारी माणसाच्या घराला वजनातून माफी मिळते, पण ज्या इमारतीनं एक जरी माफी घेतली तिला फक्त सूट, बक्षीस नाही. बरोबर आहे. नाहीतर सगळेच आजारी पडले असते! आणि आम्हाला सूट दुय्यम होती, मॅडम, बक्षीस पाहिजे होतं. लिफ्टसाठी. तुम्ही पाहिलीत ना, दाराला साखळी लावलेली? तीन वर्षं झाली बंद आहे. इमारतीत साठीच्या वरचे अकरा जण. पहिल्याच बैठकीत मी सगळ्यांकडून हात वर करून घेतले — बक्षीस आलं की एक पैसा वाटायचा नाही, आधी लिफ्ट. म्हाताऱ्यांसाठीच केलं हो सगळं.

हं? हा आकड्यांतला खड्डा? बरोबर पकडलंत. नजर चांगली आहे तुमची, आमच्या खात्यात शोभल्या असतात. सातव्या-आठव्या महिन्यात आकडा वर चढतोय, चढतोय, आणि नवव्यात एकदम खाली. काही लपवाछपवी नाही, एकच घर आहे त्यामागे. चौथा मजला, जिन्यासमोरचं दार. शिवणवाली राहते तिथं, ब्लाऊज-बिऊज शिवते, पडद्यांना टिपा मारून देते, लग्न केलं नाही, बापाला सांभाळत राहिली. बाप म्हणजे ड्रायव्हर. सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणायचे, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी. बस चालवायचा. माझा — म्हणजे आमचं बरं होतं. त्या फाटकाजवळच्या बाकावर बसायचो आम्ही दोघं, रोज पाच ते सात. मी त्याला म्हणायचो तुझी बस कधी वेळेवर आली नाही, तो मला म्हणायचा तुझ्या काट्यानं गरिबाला कधी एक वांगं जास्त दिलं नाही. असं चालायचं. तर सहाव्या महिन्यात त्याची एक बाजू गेली. अंथरुणाला खिळला. आणि अंथरुणातल्या माणसाचं ते — तुम्हाला माहीत असेल, मोठ्या माणसांचे लंगोट येतात ना दुकानात, पॅड. ते ना ओल्यात जात ना सुक्यात. काळ्या पिंपात. आणि भिजलेला एक म्हणजे पाऊण किलो, कधी किलो. दिवसाला चार.

तेच म्हणतोय. दिवसाला साडेतीन किलो एका घरातून. बाकीची पंधरा घरं मिळून दहा! मी हिशेब मांडला, असंच चाललं तर वर्षाअखेरीस चारशेनं वर जातो आपण. आता फळ्यावर काय लिहायचं? नियमानं लाल गोल तिलाच लागायला हवा. मी लावला नाही पहिले आठ दिवस, खरंच नाही लावला. मग तिसऱ्या मजल्यावरची शिक्षिका म्हणाली, काका, तुमच्या मित्राचं घर म्हणून का? झालं. माझ्यावर आयुष्यात कुणी बोट ठेवलं नव्हतं मॅडम. लावला. रोज लावला. बावीस दिवस सलग लाल गोल. ती यायची, पिशवी ठेवायची, खाली मान घालून उभी राहायची, मी आकडा वाचायचो, ती जायची. बैठकीत कुणी वाईट बोललं नाही, हं. उलट सगळे म्हणाले, बिचारी, फार करते. फक्त एकानं विचारलं, कापड नाही का वापरता येणार, पूर्वी लोक काय करत होते? कापड धुवायला पाणी चौथ्या मजल्यावर एक तास येतं. पण ते कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

आणि बैठक संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं. चांगल्या मनानं घेतलं. म्हटलं, पोरी, हे बघ, लिफ्ट झाली की कुणासाठी सगळ्यात आधी? तुझ्या बापासाठी. खुर्चीत बसवू, खाली आणू, बाकावर ठेवू, मी बसतो त्याच्याजवळ, तू खुशाल तुझं शिवण कर. पाच-सहा महिने काढ. कसंतरी काढ. ती म्हणाली, काका, किती कमी करू? मी म्हटलं — आता आकडा मला तोंडपाठच होता — दीड किलोच्या आत आण, बाकीचं मी बघतो.

आणलं तिनं! हे बघा, इथून. तीन किलो चारशे, तीन शंभर, दोन सहाशे, आणि मग एक चारशे, एक दोनशे, एक दोनशे. महिनाभर एक दोनशेच्या वर गेली नाही. मी स्वतः फळ्यावर चांदणी काढली, मोठी, पिवळ्या खडूनं. खाली लिहिलं, आदर्श घर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली आणि म्हणाली, काका, नाव पुसा. मला वाटलं लाजतेय.

कसं आणलं म्हणजे? ते मी कशाला विचारू, मी पिशवीचं वजन करतो... चाराच्या जागी एक वापरत होती. दीड, असं धरा. रात्री एक आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारी. आकड्यावरून कळतं ना. मला कळत होतं, मॅडम. एकतीस वर्षांचा अनुभव आहे, वजनावरून मला आतलं कळतं.

घाम पुसा, हा घ्या कागदी रुमाल — वापरून झाला की माझ्याकडे द्या, सुक्यात नाही चालत तो. चहा सांगितला असता, पण घरी कुणी नाही. आमची मंडळी बहिणीकडे गेलीय. गुडघे दुखतात तिचे, इथं चढउतार, लिफ्ट बंद, तिकडे तळमजला आहे. एकोणीस दिवस झाले. येईल. तिचंही नाव आहे वहीत, बघा, दुसरा मजला, दोन माणसं, रोजचे चारशे ग्रॅम. घड्याळ लावावं असं. हां — हे चार दिवस सोडून. तिथं दोन शंभर, दोन तीनशे दिसेल. ते... तुम्ही सगळं बोट ठेवून वाचताय, बरं आहे. ते असं झालं, की मला वाटलं काटा बिघडला. सोमवार नव्हता तरी पितळी वजन ठेवून पाहिलं. काटा ठीक. मग पिशवी उघडली. आमच्याच घराची पिशवी, मीच उघडली, इथं, याच जागी. खाली आमची राख, केर, आणि वर वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन. ही बाई दुपारी मी झोपलो की दुखऱ्या गुडघ्यांनी दोन मजले चढून वर जायची, तिच्याकडचं आपल्या पिशवीत घालून आणायची, आणि आपली चिठ्ठी लावायची! माझ्या हातात द्यायची वजन करायला, तोंडावर काही नाही. नवऱ्याला फसवायचं ते फसवायचं, पण काट्याला?

मग काय करणार. फळ्यावर स्वतःच्या घराला लाल गोल काढला, चार दिवसांचे चार. लोक म्हणाले बघा, स्वतःच्या बायकोलाही सोडत नाही माणूस. मला — खोटं कशाला बोलू — बरं वाटलं तेव्हा. तिला म्हटलं, वजन इकडचं तिकडं केलंस म्हणून इमारतीचं कमी होतं का? एकूण तेच ना? मग कशाला? तर म्हणाली, कमी व्हायला नव्हतं नेत. तिच्या नावावर लागू नये म्हणून नेत होते, म्हणजे ती बदलेल तरी बापाचं. मग म्हणाली, एकदा वर येऊन बघा. पाठ बघा त्याची. वाटीएवढी जखम झालीय. मी म्हटलं, येतो. गेलो नाही. चार मजले चढायचे, माझंही वय सत्तर आहे... नाही, चढलो असतो. टाकीचं झाकण बघायला गच्चीवर जातोच की मी. गेलो नाही, एवढंच.

काय पडलं? वहीतनं? असू दे, द्या इकडे. अहो द्या, जुना कागद आहे, खूण म्हणून ठेवला होता — वाचू नका ना. वाचलात. हां. माफीचा अर्ज. कलम सात. तिनंच भरलाय, शिवणवालीनं, अक्षर बघा किती नीटस, डॉक्टरांचा कागद जोडलाय, त्यांनी लिहिलंय, दिवसातून किमान चार वेळा बदलणे. तारीख आठव्या महिन्याची, हो. सहीची जागा कोरी. ती माझी जागा आहे. इमारतीच्या प्रतिनिधीची सही लागते तुमच्या नियमात, कशाला लागते कुणास ठाऊक, माणूस आजारी आहे की नाही हे डॉक्टर सांगतोय तर माझी सही कशाला हवी? ते तुमच्या साहेबांना विचारा! नाही, आवाज चढवत नाही मी. मी अर्ज नाकारला नाही, लक्षात घ्या. नाकारला असता तर तसं लिहिलं असतं. ठेवला. म्हटलं, एक माफी गेली की बक्षीस गेलं, बक्षीस गेलं की लिफ्ट गेली, अकरा म्हातारे वर अडकले. थोडे दिवस बघू. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा म्हटलं, वर पाठवलाय, तुमच्या ऑफिसात वेळ लागतो. लोकांचा विश्वास बसतो अशा गोष्टीवर लगेच. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

तो कधी गेला ते नाही विचारलंत. एकोणीस दिवस झाले. जखमेतलं विष रक्तात गेलं म्हणाले. शेवटी त्याला खुर्चीला बांधून जिन्यावरनं खाली आणलं हॉस्पिटलात न्यायला, चार माणसं लागली. मी या दारात उभा होतो. माझ्यासमोरून नेला. एक डोळा उघडा होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता काहीतरी खवचट बोलेल नेहमीसारखं. तोंडच चालत नव्हतं त्याचं. परत आलाच नाही. त्याच संध्याकाळी बायकोनं पिशवी भरली आणि गेली. किल्ली टेबलावर ठेवून गेली, मॅडम. गुडघ्यांसाठी जाणारं माणूस किल्ली ठेवून जात नाही, एवढं मला कळतं.

माझ्या जागी तुम्ही काय केलं असतंत? सांगा ना. वय एक्याऐंशी होतं त्याचं. लिफ्ट झाली की — बरं, राहू दे. तुमचं काम आकड्याशी आहे, आकडा खरा आहे. तेवढं तरी म्हणा. त्या वहीतला एकेक आकडा खरा आहे. पाचला दहा कमी आहेत, शिक्क्याची शाई काढून ठेवा.

थांबा, हा कसला आवाज? जिन्यावरनं काहीतरी ओढत येतंय. एकेक पायरी आपटतंय बघा. कोण आहे? तूच? अगं, एकटीनं कशाला... गादी आहे, मॅडम. त्याची गादी. शिवणवाली हीच. अगं, पालिकेच्या मॅडम आल्यात, आज वही बंद व्हायचीय, दहा मिनिटं राहिलीत. तू उद्या आण. उद्या सकाळी सहाला, मी स्वतः वर येतो, मी उचलतो एक बाजू. उद्यापासून नवी वही. एक रात्र गं फक्त. काय? हो, मीच सांगितलं होतं. त्या दिवशी मीच म्हटलं, गादी एवढ्यात टाकू नको, वर्ष संपू दे. एकोणीस दिवस ठेवलीस, एकच रात्र... एकच खोली आहे तिची, हो. झोप लागत नाही म्हणते. वास येतो म्हणते. मॅडम, दोन खोल्या नाहीत तिथं, मशीन, चूल, पलंग सगळं त्यातच. अगं, बोल काहीतरी. निदान मला शिव्या दे. अशी काट्यावर टाकून जाऊ नको. चिठ्ठी लावलीय का — लावलीय. नंबर घालून. नीटस अक्षरात.

गेली वर.

तुम्ही तिकडे बघा, मॅडम, निजायची बाजू वर पडलीय गादीची. ही वरची बाजू नका बघू. इथं पाठ असणार त्याची. इथं कंबर. या खाली दोन टाचा. वाटीएवढी म्हणाली होती आमची ही. वाटी कुठली, अहो, हे बघा, माझे दोन्ही पंजे मावतात या डागात. आरपार गेलंय, कापसापर्यंत. बस चालवताना कधी गचका बसू द्यायचा नाही तो कुणाला. म्हातारं माणूस चढत असलं तर ब्रेकवर पाय ठेवून वाट बघायचा, म्हणून तर वेळेवर यायचा नाही.

लिहू नका! अजून लिहू नका. आकडा थरथरतोय, दिसत नाही का तुम्हाला? तेरा, अकरा, नऊ तीनशे... स्थिर झाल्याशिवाय वाचायचा नाही, नियम आहे तो, कुठल्याही काट्याचा. आठ नऊशे. आठ नऊशे झाला बघा, नऊच्या आत — काय? कुठला हात? माझा?

हो. लागलाय. खालनं लागलाय, गादीच्या कोपऱ्याला. उचलून धरलीय मी.

जा तुम्ही. वही न्या, अर्ज न्या, काय लिहायचं ते बाहेर जाऊन लिहा. माझ्याकडे बघत उभ्या राहू नका. हात भरून आलाय माझा आणि ही मला खाली ठेवता येत नाहीये. जा म्हणतो ना.